लांबलेला सण

दर वसंतात, पेसाखच्या सणाच्या आदल्या सकाळी, लेव्ही बेझेमर आपला सगळा धंदा विकून टाकत असे, आणि सण उलटला की परत घेत असे.

धंदा म्हणजे आउडेस्खान्सच्या कालव्याकडे पाठ करून असलेली एक तळखोली, तिच्यातली ओलसर पिंपे, आणि त्या पिंपांत मुरणाऱ्या काकड्या, कोबी, हळदीने पिवळे झालेले बारके कांदे. सारे बार्लीच्या शिरक्यात बुडालेले. आणि बार्लीचा शिरका म्हणजे आंबलेले धान्य. सणाच्या आठ दिवसांत आंबलेल्या धान्याचा थेंबही यहुद्याच्या मालकीचा असता कामा नये. नुसता घरात नव्हे, मालकीचाच असता कामा नये. राहिलाच, तर तो पुढेही कायमचा वर्ज्य. पाण्यात ओतून द्यायचा. पाववाला उरलेले चार पाव शेजारी देऊन मोकळा होतो. पण पणजोबांनी लावलेल्या शिरक्याचे काय करायचे? कोपऱ्यातल्या सर्वांत जुन्या पिंपात त्या शिरक्याचे विरजण होते, जाड, सायीसारखे, जिवंत. घरातले त्या पिंपाला ‘म्हातारी’ म्हणत. बाकी सगळी पिंपे तिच्यावर जगत. म्हातारी ओतून देणे म्हणजे धंदा ओतून देणे. म्हणून विक्री.

गिऱ्हाईक ठरलेले होते: शेजारचा क्राइन डूडेन्स, लाकडी पिंपे बांधणारा कारागीर, रविवारी दोनदा चर्चला जाणारा. तो एक गुल्डन, चांदीचे एकच नाणे, म्हातारीच्या झाकणावर ठेवी, लेव्ही त्याच्या हाती तळखोलीची किल्ली देई, आणि दोघे हातात हात देत.

"बघ हं लेव्ही," क्राइन दर वर्षी म्हणे, "या खेपेला काही मी परत देणार नाही."

"नको देऊस. उद्या पहाटे कांदे सोलायला बस म्हणजे झालं."

तो गुल्डन लेव्ही कपाटाच्या वरच्या फळीवर, कान तुटलेल्या एका कपात ठेवून देई. सण संपला की गुल्डन क्राइनकडे, किल्ली लेव्हीकडे, आणि वर क्राइनच्या घरी कांद्यांची एक बरणी. लेव्हीच्या मुलीला, युडिकला, लहानपणी तो कप सणाचाच एक भाग वाटत असे. एकदा तिने विचारले होते, "विकलंय ना आपण? मग पैसे खर्च का नाही करत?"

"खर्च करता येतात," लेव्ही म्हणाला होता. "करवत नाहीत."

एक्केचाळीसच्या वसंतात परके सैन्य शहरात येऊन वर्ष होत आले होते. यहुद्यांच्या दुकानांवर परका कारभारी बसवायचा, असा हुकूम निघाला होता. कुणावर कधी पाळी येईल, एवढेच ठरायचे होते. त्या वर्षीही गुल्डन झाकणावर ठेवला गेला, किल्ली दिली गेली. सण उलटल्यावर क्राइन सकाळी किल्ली घेऊन आला. लेव्हीने हात पुढे केला नाही.

"राहू दे तुझ्याकडे," तो म्हणाला. "या वर्षी सण जरा लांबेल असं दिसतंय."

क्राइन थट्टेचा उरलेला भाग ऐकायला उभा राहिला. उरलेला भाग नव्हता.

पुढे दारावर क्राइनच्या नावाची पाटी लागली आणि परका कारभारी दारावरून निघून गेला. दोन वर्षांनी लेव्ही, त्याची बायको आणि धाकटा नाथान पूर्वेकडे जाणाऱ्या एका गाडीत गेले. युडिक फ्रीसलंडमधल्या एका गोठ्यात, परक्या नावाने, दुसऱ्यांच्या गायी दोहत राहिली.

पंचेचाळीसच्या जुलैत ती परत आली तेव्हा जे कळायचे ते तिला कळून चुकले होते. पायांत जातानाचेच बूट होते, तळ एका बाजूने झिजलेले. गल्लीत घरे होती, पण त्यांच्या आतले काही नव्हते. शेवटच्या उपाशी हिवाळ्यात लोकांनी रिकाम्या घरांतले जिने, तुळया, चौकटी चुलीत घातल्या होत्या, आणि हाडे काढून घेतलेल्या शरीरासारखी काही घरे आपल्याच अंगावर कोसळली होती. उरलेल्यांच्या खिडक्यांतून पलीकडचे आभाळ दिसत होते. कालव्याकाठच्या मनोऱ्यावरचे घड्याळ, सगळे ज्याला ‘वेडा याप’ म्हणत, सवयीप्रमाणे चुकीचे टोले देत होते. ते ऐकून तिला पहिल्यांदा वाटले की आपण परत आलो आहोत.

तळखोलीचे दार जागेवर होते. पाटी नव्हती. फळ्यांवर खडूने काहीतरी लिहून मग घासून पुसलेले; पुसल्यामुळेच ते अधिक वाचता येत होते: *यहुद्यांचा माल गिळणारा.*

क्राइनची बायको आफ्ये शेजारच्या दारात आली. युडिकला पाहून तिने आधी तोंडावर हात ठेवला, मग तो तसाच युडिकच्या गालावर.

"आत ये गं. जपून, जिना नाहीये. शिडी आहे."

"जिना कुठं गेला, मावशी?"

"चुलीत. काकांनी तुझ्या. आधी दुकानातली बाकं घातली, मग जिना. शेवटी माझ्याकडे बघायला लागले, तेव्हा म्हटलं, मी ओली आहे, धूर होईल नुसता."

क्राइन शिडीखालच्या एकुलत्या स्टुलावर बसला होता. पूर्वी पिंपासारखा गोल असलेला माणूस आता पिंपाच्या एका फळीएवढा उरला होता. तो उठला, कमरेची किल्ली सोडून हातात घेतली आणि दोघींना घेऊन तळखोलीच्या दगडी पायऱ्या उतरू लागला.

खाली फरशीवर पिंपांच्या बुडांची काळी वर्तुळे तेवढी होती, एकापुढे एक, पाणी आटलेल्या विहिरींसारखी. कोपऱ्यात गोणपाटाखाली म्हातारी उभी होती. क्राइनने झाकण उचलले. आंबट, खोल, ओळखीचा वास वर आला. युडिकने वाकून पाहिले. काळपट पृष्ठावर ती फिकट साय अखंड होती.

"कोबी, काकड्या, कांदे, सगळं गेलं," आफ्ये म्हणाली. "लोक वाडगे घेऊन दारात उभे राहायचे. आम्हीही खाल्लं. मग पिंपं जाळली. यांनीच बांधलेली, यांनीच फोडली. हिला मात्र हात लावू दिला नाही कुणाला."

"पुरे आता," क्राइन म्हणाला. त्याने किल्ली युडिकपुढे धरली. "घे. लेव्हीची होती, आता तुझी. मी नुसती राखण केली."

तिचा हात अर्ध्यावर गेला आणि थांबला. वडील कधीच नुसती किल्ली घेत नसत. आधी गुल्डन परत, मग किल्ली. दर वर्षी त्याच क्रमाने.

"उद्या येते, काका," ती म्हणाली.

म्हातारे कोकरनोट यहुद्यांच्या मोठ्या देवळामागच्या एका खोलीत सापडले. लढाईपूर्वी प्रत्येक पिंपात नाक घालून शिक्का मारणारे ते धर्मनियमांचे निरीक्षक. त्यांच्या शिक्क्याशिवाय गल्लीत कुणी कांदा तोंडात घालत नसे. छावणीतून ते परत आले होते ते कोट न भरण्याइतके. समोर कॉफी नावाचे काहीतरी होते.

"बेझेमरची मुलगी," ते म्हणाले. "किल्ली घेतलीस?"

"नाही."

"शहाणी आहेस. बस." त्यांनी कप सरकवला. "पिऊ नकोस, हात शेकायला आहे. आता ऐक. एक्केचाळीसला तुझ्या बापानं विकलं आणि परत घेतलं नाही. त्यानंतर चार पेसाख होऊन गेले. म्हातारी जर या काळात तुमचीच होती आणि तो पिंपवाला नुसती राखण करत होता, तर ती वर्ज्य. कालव्यात ओत. आणि जर त्याची होती, तर तिच्यात काही दोष नाही. फक्त ती तुझी नाही."

"मग मी करायचं काय?"

"विकत घे. पण त्याआधी त्याच्या तोंडून येऊ दे की त्याची होती."

"तो माझ्यासाठी खोटं बोलला तर?"

"तो काय बोलतो ते त्याचं त्याच्यापाशी. तुझ्या बापानं खरंच विकली होती का, की शेजाऱ्याशी सणाची थट्टा केली, हे तुला ठाऊक असायला हवं. ठाऊक असेल तर ये. मी शिक्का मारतो."

युडिकने कपाभोवती हात धरले. "मेनेर कोकरनोट, तुम्ही डोळेझाक केलीत तर कुणाला कळणार आहे? खाणारे तरी किती उरलेत?"

"तेच तर. पूर्वी खाणारे खूप होते. एखादी चूक झालीच तर सगळ्यांत वाटून जायची." ते खिडकीकडे वळले. "आणि डोळेझाक मी केलीही असती, पोरी. पुष्कळांसाठी केली. लेव्हीनं माझ्याकडून एकदाही करवून घेतली नाही."

त्या रात्री ती एका परिचितांच्या फरशीवर जागी पडली होती. फ्रीसलंडमध्ये तिने डुकराची चरबी लावलेला पाव खाल्ला होता, आणि देवाशी तिचे बोलणे तेव्हापासून बंद होते. म्हणजे प्रश्न देवाचा नव्हता. वडिलांचे कपडे नव्हते, कबर नव्हती, आवाजही आता आठवून आणावा लागे. होते ते एवढेच, की ते काही गोष्टी काटेकोरपणे करत. तो काटेकोरपणा जर खोटा असेल, तर म्हातारी कालव्यात गेली काय आणि राहिली काय.

आणि तो खरा होता की नाही, हे तिला ठाऊक नव्हते. दर वर्षी ती थट्टा ती ऐकत आली होती, आणि हसत आली होती.

दुसऱ्या दिवशी आफ्येने शलजमाचे सूप पुढे ठेवले. युडिकने चमचा उचलला नाही.

"काका, एक मागणं आहे. म्हणा, की म्हातारी तुमची होती."

क्राइनने तिच्याकडे असे पाहिले की जणू ती टेबलावर थुंकली होती.

"माझी?"

"तुमची. विकत घेतलेली."

"दार पाहिलंस ना? काय लिहिलंय वाचलंस?" त्याचा आवाज चढला नाही, पण मान लाल झाली. "चार वर्षं ही गल्ली माझ्याकडे बघून थुंकली. म्हणायची, क्राइनला घबाड लागलं. मी गप्प बसलो, कारण बोललो असतो तर परका कारभारी आला असता. सैन्य गेलं, त्या सकाळी पाटी उतरवली आणि फोडून चुलीत घातली. माझं नाव, माझ्या हातानं. आणि आता तूच येऊन सांगतेस, म्हणा माझी होती?"

त्या उन्हाळ्यात शहरात एक नवी जात जन्मली होती, गेलेल्यांचा माल सांभाळणाऱ्यांची. गालिचे कसरीने खाल्ले, चांदी कुठे ठेवली ते आठवत नाही, असे म्हणत ते दार उघडत, आणि कधी कधी उघडणाऱ्याच्या अंगावर त्या गेलेल्या शेजाऱ्याचाच कोट असे. युडिकने तशी दोन दारे पाहिली होती. क्राइनने त्याहून जास्त पाहिली असणार.

"मी त्यांच्यातला नाही," तो म्हणाला. "मी एक वस्तू माझी म्हणून उचलली नाही."

"आणि कांदे?" आफ्ये चुलीजवळून म्हणाली.

"कांदे चोरले. आपण चोरले आणि गल्लीला चारले. ते मी वर गेल्यावर कबूल करीन."

"आपल्याच कांद्यांची चोरी कशी होईल, काका?"

"शब्दात पकडू नकोस मला, पोरी. तुझा बाप तसाच करायचा." तो थांबला. मग हळू म्हणाला, "खेळ होता गं तो. दर वसंतात लेव्ही आणि मी खेळलो. त्याला ठाऊक होतं, मला ठाऊक होतं. देवाला तर ठाऊक असणारच. त्या खेळात माझं काही नव्हतं, म्हणून तर मी हसत खेळलो."

तेच, जे रात्रभर तिच्या छातीवर बसून होते, ते आता दुसऱ्याच्या तोंडून आले होते. तिला वाटले, संपले. आज दुपारी बादली घ्यायची. तिची नजर खाली गेली, टेबलाच्या पायांवर, आपल्या बुटांवर, झिजलेल्या तळाच्या कडेवर. आणि तिथेच अडकली.

तो एक्केचाळीसच्या सणाचा तिसरा की चौथा दिवस होता. ती बशी काढायला वरच्या फळीकडे गेली आणि कप हलका लागला. रिकामा. तेवढ्यात वडील आले, काखेत तिचे बूट, नवे तळ मारलेले. बाहेरून कोरडे व्हायला त्यांनी ते खिडकीत ठेवले. तिने विचारले होते, पैसे कुठले? ते म्हणाले होते, क्राइनचे. मग परत काय द्यायचं त्यांना? वडिलांनी बुटाची नाडी ओढून पाहिली, पक्की आहे का ते. ती बावीस वर्षांची होती. तिला नव्या तळांचा आनंद झाला होता. बाकीचे ती विसरून गेली होती.

युडिक वाकली. एक बूट काढून तिने तो टेबलावर, सुपाच्या वाडग्याशेजारी, पालथा ठेवला.

"अगं, जेवणाच्या टेबलावर?" आफ्ये म्हणाली.

"हा तुमचा गुल्डन," युडिक क्राइनला म्हणाली.

तिने सांगितले. फार शब्द लागले नाहीत. कपाची गोष्ट क्राइनला ठाऊक होती. वीस वर्षे तोच गुल्डन, राणीच्या गालावर ओरखडा असलेला, त्याच्याकडे परत येत असे. एक्केचाळीसला सण लांबला, म्हणून तो आला नाही, असे तो धरून चालला होता.

त्याने बूट हातात घेतला. कारागिराच्या अंगठ्याने तळाची कड चाचपली, लाकडी खिळ्यांची ओळ, झिजलेली बाजू.

"काम चांगलं आहे," तो म्हणाला. मग बूट सुलटा करत, "म्हणजे त्यानं खर्च केला."

"हो."

"सणातच. मी किल्ली घेऊन यायच्या आधी."

"हो."

"म्हणजे मला खरंच विकली त्यानं. न सांगता."

"हातात हात दिला होता की."

"सांगितलं असतं, तर मी घेतली नसती."

"म्हणून नसेल सांगितलं."

बाहेर वेडा याप वाजू लागला, आणि कुणीही मोजले नाही. क्राइनने बूट खाली ठेवला नाही. त्याच्या चेहऱ्यावर राग होता, फसवल्या गेलेल्या माणसाचा. आणि त्या रागाच्या तळाशी, पाण्याखालच्या दगडासारखे, दुसरे काहीतरी हळूहळू स्थिर होत होते. चार वर्षे ज्याच्याबद्दल लोक थुंकले ते खरे होते, आणि ते पाप नव्हते. एका माणसाने आपले सर्वांत जुने जे होते ते त्याला विकले होते, कारण ज्याला विकावे असा तोच होता.

"मग कांदे आपलेच होते, क्राइन," आफ्ये म्हणाली. तिने डोळे पुसले नाहीत, चूल फुंकली.

"ती माझी होती," क्राइन म्हणाला. शब्द नव्या बुटासारखा त्याला आत कुठेतरी चावला असावा. "ती माझी आहे."

"हो."

"आणि मी विकलीच पाहिजे असं काही नाही."

"नाही," युडिक म्हणाली.

तिने त्याच्याकडे पाहिले नाही. एका पायात बूट, दुसऱ्यात मोजा, अशी ती बसून राहिली. तो आता मालक होता, आणि मालकाला नाही म्हणता येते. येत नसेल तर विक्री पुन्हा खेळ झाली. तिला हे समजत होते. क्राइन स्टुलावर ताठ बसला होता. त्याने तेवढा वेळ घेतला, जेवढा त्याला चार वर्षांत कुणी दिला नव्हता.

"तुझ्याजवळ काय आहे?" त्याने शेवटी विचारले.

"काही नाही."

"दुसरा बूट काढ."

तिने काढला. त्याने दोन्ही बूट जोडून पाहिले, बाजारात माल पाहावा तसे, तळ ठोकून, आत हात घालून. मग ते आपल्या पायांपाशी ठेवले, किल्ली तिच्या हाती दिली आणि हात पुढे केला. तिने त्यात हात दिला.

"बघ हं..." तो सवयीने म्हणाला, आणि पुढचे म्हणाला नाही.

"अनवाणी जाणार आहे का ती?" आफ्ये कडाडली. "सौदा झाला, आता अक्कल आणा. घे गं, माझी लाकडी पादत्राणं घाल. चुलीत जायची राहिलेली तेवढीच आहेत."

लाकडी पादत्राणे युडिकला मोठी होत होती. दगडी पायऱ्यांवर त्यांचा आवाज तिच्याआधी खाली पोहोचला. कोकरनोटांकडे उद्या जायचे. ते विचारतील, कशानं घेतलीस, आणि ती म्हणेल, बुटांनी, आणि ते तिच्या पायांकडे पाहतील. तिने गोणपाट बाजूला केले, झाकण उचलले. विरजणाला लवकरच नवी बार्ली लागणार होती; बार्ली शहरात नव्हती. पिंपे नव्हती, पिंपांना लाकूड नव्हते, कांदे सोलणारे हात नव्हते. फरशीवरची वर्तुळे रिकामी होती.

तिने झाकण जपून बसवले आणि त्यावर तळहात ठेवला, जिथे गुल्डन ठेवला जाई तिथे. पुढच्या वसंताला अजून अवकाश होता. गिऱ्हाईक मात्र ठरलेले होते.